कोणाच्या नावे?

नंदुरबारात ड्रायव्हर म्हणजे एसटीचा, अशी माझी चाळिशी उलटेपर्यंत समजूत होती. कॉम्प्युटरलाही ड्रायव्हर असतो, तो दिसत नाही, बिडी ओढत नाही, पण अधूनमधून बदलावा लागतो, हे मला एका रात्री साडेअकराला पडद्यावर उगवलेल्या चौकटीनं सांगितलं. ‘आवाजाचा नवा ड्रायव्हर आला आहे, टाकू का?’ जुन्याबद्दल माझी काडीची तक्रार नव्हती. पण फुकट मिळतंय ते नको म्हणणं आमच्या घराण्यात नाही. ‘होय’ दाबलं. मंडळी झोपलेली, म्हणून आवाज लावून पाहिला नाही. यंत्र बंद केलं आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या हिनं नाट्यगीतं लावली. बुवा तोंड उघडत होते, मिटत होते, हातवारे करत होते. घरात मात्र शोकसभेतली दोन मिनिटं चालू होती.

“रविवारी त्या पोरानं खोललं होतं ना हे?” ही म्हणाली.

खोललं होतं. आमच्याकडे मिरचीचा हंगाम आला, पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली, की गावाची हवाच ठसका देते; तिथं कॉम्प्युटरच्या पंख्याचं काय! तो साफ करायला दुकानातून एक पोरगा आला होता. धडगावकडचा, अठरा-एकोणीस वर्षांचा, मोजकं बोलणारा. मी तडक त्याच्या मालकाला फोन लावला. काउंटरवर लोक वर्षानुवर्षं माझ्यावर जो आवाज चढवत आले, तो सगळा मी त्या दिवशी व्याजासकट वापरला. “पुन्हा त्याचा हात माझ्या यंत्राला लागता कामा नये,” असंही वर बजावलं. मालकानं पोराला तिथंच झापलं आणि त्याच्या पगारातून कापून तीनशे रुपये परत पाठवले. मी ते घेतले.

आता मुद्द्याचा प्रश्न. फोन करताना रात्रीचा तो ‘होय’ मला आठवत होता का? विसरलो होतो, असं मी शपथेवर सांगेन. फक्त शपथ कोणी घालू नये. विसरणं आणि न आठवणं यांत फरक असतो, आणि तो बँकेच्या कोणत्याही फॉर्मात भरता येत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आधारमध्ये माणसाची ओळख बोटाच्या ठशावरूनही पटवता येते. पण ‘होय’ कोणाच्या बोटानं दाबलं, हे माझ्या घरात कोणी विचारलं नाही.

बी.कॉम.ला आम्हाला ट्रायल बॅलन्स, म्हणजे आपली तेरीज, शिकवली होती. ती जुळली नाही तर फरकाला नऊनं भागून पाहायचं. भाग गेला तर बहुधा आकडे उलटसुलट पडलेत. ४५० चे ५४० झाले की फरक ९०. हे सगळं सापडतं. एक चूक मात्र तेरजेला कधीच दिसत नाही. रक्कम बरोबर, बाजू बरोबर, फक्त रामरावांऐवजी शामरावांच्या नावे टाकलेली. बेरीज जुळते, शाखा वेळेवर बंद होते, सगळे घरी जातात. शामराव पासबुक घेऊन येईपर्यंत काही कळत नाही. आणि शामरावांची काउंटरपर्यंत यायची छातीच नसली, तर कधीच नाही.

माझी तेरीज जुळली होती. मी छान झोपत होतो.

पुढच्या रविवारी सहज पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारली. आत एक पट्टी गाण्याबरोबर नाचत होती. म्हणजे आवाज निघत होता, फक्त घरी पोचत नव्हता! नीट पाहिलं तर त्याला मॉनिटरकडे धाडलेलं, आणि आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाही. नव्या ड्रायव्हरनं गाडी वेळेवर सोडली होती, पण पाटी बदलून. शहाद्याचे उतारू नवापूरला. मी यादीतून जुने स्पीकर निवडले. बुवांनी अशी तान घेतली की स्वयंपाकघरात काहीतरी पडलं.

“झालं का दुरुस्त? काय होतं?” हिनं विचारलं.

“किरकोळ,” मी म्हणालो.

दोन दिवस ते ‘किरकोळ’ घशाशी मिरचीसारखं बसलं. तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो. पोरगा मागच्या टेबलावर काहीतरी खोलून बसला होता.

“अरे, तो आवाज... ड्रायव्हर मीच टाकला होता.”

त्यानं मान वर केली नाही. “माझ्या हातून नव्हतं गेलं साहेब. त्या रविवारी जाताना मी गाणं लावून दाखवलं होतं. तुम्ही मान हलवली होती.”

हलवली होती. तालावर हलवली होती.

“मग मालकांना का नाही सांगितलंस?”

“सांगितलं ना. ते म्हणाले, बँकेतला माणूस खोटं कशाला बोलेल?”

मालक गल्ल्यावरच होते. मला पाहून त्यांनी चहा सांगितला. मी तीनशे रुपये त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणालो, “चहा राहू द्या. आधी त्याला इकडे बोलवा.”