नैवेद्य कोणाच्या हातचा?

शंका : आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या हातचं आम्ही सगळे रोज जेवतो. पण गौरीच्या नैवेद्याचं पुरण त्यांनी शिजवायचं नाही, "आपल्याकडे सोवळं असतं," असं सासूबाई म्हणतात. ताईंचा चहाचा कपही वेगळा आहे. या वयात सासूबाईंना दुखवावंसं वाटत नाही, पण मनाला टोचतं. धर्म काय सांगतो?
— एक वाचक, पुणे

समाधान : आधी तो कप. नैवेद्य वर्षातून एकदा, कप मात्र रोजचा. तो आजच इतर कपांत मिसळून टाका. महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तर मागाहून पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. तुमच्या ओट्यावरच्या वेगळ्या कपामागे तीच समजूत आहे. राज्यघटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळायला मनाई केली आहे. सासूबाई दुखावतील याची तुम्हाला काळजी आहे. ताई रोज दुखावल्या जातात, त्याचीही असू द्या.

आता सोवळं. अंघोळ करून धुतलेलं नेसावं, नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखू नये, हे नियम कुणालाही पाळता येतात. ताईही पाळतील. जे जन्मावरून ठरतं आणि कितीही अंघोळी करून मिळत नाही, त्याला मी सोवळं मानत नाही. पैठणच्या नाथांची कथा सासूबाईंना ठाऊक असेल. श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या वासानं दाराशी थबकलेल्या, अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना त्यांनी ब्राह्मणांआधी ते अन्न वाढलं, अशी ती सांगतात. आणि गौरीचं म्हणाल, तर कोकणातल्या कितीतरी घरांत ती मटणाचा नैवेद्यही घेते. तिच्या नावानं एकाच घरची रीत सगळ्यांवर लादू नये.

जमल्यास शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' घरात आणा. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतला स्वयंपाक त्यात आहे. कोणाच्या चुलीवर काय शिजावं हेसुद्धा जातीनं कसं ठरवलं, ते त्यातल्या पदार्थांवरून कळतं. सासूबाईंशी वाद घालू नका, पण ताईंना माणसासारखं वागवायला त्यांची परवानगीही मागू नका.

तुमच्या पत्रात ताईंचं म्हणणं कुठेच आलेलं नाही. त्यांच्या घरी गौरी बसत असतील, नसतीलही. त्या दिवशी कामावर यायचं आहे का, हे त्यांनाच विचारा. नको म्हणाल्या तर पगारी सुट्टी द्या आणि पुरण तुम्ही शिजवा. येणार असतील तर जादा कामाचे पैसे वेगळे द्या, आणि जेवणाचं पान सगळ्यांबरोबर पंगतीतच मांडा.