मुळें गेलेलें रोप

पुण्याच्या मार्केट यार्डांत फुलांच्या बाजारीं ऑर्किडचीं फुलें येतात. आपल्या सह्याद्रींतील झाडांवर फुलणारी सीतेची वेणी त्याच कुळांतली. ह्या कुळांतल्या झाडांवर वाढणाऱ्या जातींचीं मुळें हवेंतला ओलावा शोषितात. कुंडींत फार पाणी सांचल्यास तीं कुजतात. पानें सुकलीं म्हणून मालक आणखी पाणी ओततो! जाणता माळी कुजका भाग स्वच्छ सुरीनें कापतो, जखम सुकूं देतो, आणि रोप सावलींत, दमट हवेंत ठेवून वाट पाहतो. खोड जिवंत असेल, तर कांहीं महिन्यांनीं बुडाशीं नवें मूळ फुटूं शकतें.

मंडळींतून तुटलेल्या बंधूवर उपदेशाचे घडे ओतूं नका. त्याच्या दारीं जा, शांतपणें जवळ बसा. मूळ फुटविणें देवाच्या हातीं आहे. रोप उकिरड्यावर न टाकणें आपल्या हातीं आहे.