मुलाला खरे सांगावे काय?

घरात मृत्यू झाला की मोठी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात आणि लहानांना शेजारी पाठवितात. "बाबा कोठे गेले?" असे मुलाने विचारले, तर कोणी म्हणते, "गावाला गेलेत", कोणी म्हणते, "झोपलेत", आणि आपल्या घरांत पुष्कळदा म्हणतात, "देवाला ते आवडले, म्हणून त्याने नेले." हेतू प्रेमाचाच असतो. परंतु प्रेमापोटी सांगितलेले असत्य मुलाच्या हिताचे असते काय?

मला वाटते, नसते. अशाने मुलाचे दुःख कमी होत नाही. ते मूल दुःखात एकटे मात्र पडते. गावाला गेलेल्या बापाची ते वाट पाहते. झोपलेला माणूस उठलाच नाही, म्हणून त्याला झोपेची धास्ती वाटते. आवडती माणसे नेणाऱ्या देवाचे तर त्याला भयच वाटू लागते. पुढे बाहेरून खरे कळतेच. मग घराने लपविलेली गोष्ट तेही मनात लपवून ठेवते.

"एवढ्याशा जिवाला काय समजणार?" असे कोणी म्हणेल. पाच वर्षांच्या आतील मुलाला मरण कायमचे असते हे सहसा उमगत नाही, हे खरे. म्हणून ते तोच प्रश्न दहा वेळा विचारते. दहाही वेळा शांतपणे सांगावे की, बाबा वारले, ते आता घरी परत येणार नाहीत, आणि तुला सांभाळायला आम्ही आहोत. आपण हट्ट केला म्हणून हे घडले, असे पुष्कळ मुलांना वाटते. तुझा दोष नाही, हे त्याने न विचारताही सांगावे. आणि थोरल्या मुलाला, "आता तूच घरचा कर्ता, रडू नकोस," असे म्हणून त्याच्यावर आणखी ओझे लादू नये.

पुनरुत्थानाची आशा सांगावीच; पण ती अश्रू दडपण्यासाठी नव्हे. लाजराला आपण उठविणार हे ठाऊक असूनही प्रभू येशूने बेथानीत अश्रू ढाळले. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तेव्हाच त्यांनी खरी मैत्री केली. कारणे सांगू लागले आणि चुकले.

ज्याने तेच दुःख सोसले, त्याची सोबत विशेष मोलाची. पंडिता रमाबाईंनी कोवळ्या वयातच दुष्काळात आईवडील व बहीण गमावली. त्यांना सोबत राहिली ती भाऊ श्रीनिवासची. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून कित्येक निराधार मुली आणून त्यांना आसरा दिला. अमेरिकेत पोर्टलंड येथे 1982 साली सुरू झालेल्या डगी सेंटरमध्ये शोकग्रस्त मुलांना समवयस्कांच्या गटात एकत्र बसवितात. तेथे बोलण्याची सक्ती नसते. खेळणे, चित्र काढणे किंवा गप्प राहणेही चालते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनाही हे करता येईल. मूल वर्गात परतण्यापूर्वी इतर मुलांना खरे सांगून ठेवा. त्याच्या वडिलांचे नाव घेणे टाळू नका. वर्गात आधी असे दुःख सोसलेले कोणी असेल, तर दोघांची इच्छा पाहून त्यांना शेजारी बसवा. मृत्यूची तारीख लिहून ठेवा आणि वर्षाने त्याची विचारपूस करा. तोवर बाकीचे विसरलेले असतात. आणि मूल कित्येक आठवडे जेवत-झोपत नसेल, तर प्रार्थनेबरोबरच डॉक्टरांचा सल्लाही घ्या. जगणेच नको असे त्याने म्हटले, तर मात्र एक दिवसही थांबू नका.