पंप उतरवण्याआधी

चि. भाच्यास,


तुझा निरोप वाचला. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे काम नाही, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी टाटाची विस्टा, क्वाड्राजेट इंजिन. खंबाटकी घाट चढताना ताकद सोडते, इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी००८७ येतो. तुझे उस्ताद म्हणतात, हाय प्रेशर पंप गेला. तू विचारतोस, पंप उतरवू का? अजून नको.

तो कोड एवढंच सांगतो की ईसीयूने रेलमध्ये जितकं प्रेशर मागितलं, तितकं मिळालं नाही. का मिळालं नाही, हे त्याला ठाऊक नसतं. प्रेशर तयार होतं एका ठिकाणी, पण ते कमी पडायला टाकीच्या झाकणापासून इंजेक्टरच्या रिटर्नपर्यंत कुठलीही जागा पुरते. म्हणून डिझेल ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने तूही जा.

हे इंजिन आपल्या ओळखीचं आहे. फियाटचं १.३ मल्टिजेट, जे मारुतीने स्विफ्टमध्ये डीडीआयएस म्हणून दिलं. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला ते बनत असे. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये फियाटने कॉमन रेल आणली, त्याच घराण्यातलं हे. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्याच थांबवल्या. म्हणजे आज तुझ्यासमोर येणारी अशी गाडी जुनी असणार, मालक बहुधा दुसरा किंवा तिसरा. गाडीला बाजारात जी किंमत येईल, तिचा मोठा लचका एका चुकीच्या पंपात जातो. गिऱ्हाईकाचा पैसा आपल्या अंदाजावर खर्च करायचा आपल्याला अधिकार नाही, हे मी फार मनापासून सांगतो.

पाना हातात घेण्याआधी मालकाला विचार. सकाळी पहिल्यांदा सेल्फ लांब मारावा लागतो का? तर रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरत असेल, कुठून तरी हवा धरत असेल. गार असताना चटकन चालू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा लागत नाही? तर इंजेक्टरवर संशय घे, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नला जास्त निसटतं. आणि आयडलला ठीक, सपाट रस्त्यावर ठीक, फक्त चढावर मरते, तर मागून पुरेसं डिझेल येत नाही, ही पहिली शक्यता. तुझी विस्टा या तिसऱ्या घरातली दिसते. बॅटरीही तपास. सेल्फ मंद फिरला तर चांगला पंपही प्रेशर चढवू शकत नाही.

आता टाकी. झाकण उघडताना हवा जोरात आत ओढल्याचा आवाज आला, तर हवेचं भोक बुजलंय. टाकीतली जाळी गाळाने भरते, तीही बघ. मग फिल्टर. नुसता बदलून टाकू नकोस. जुन्यातलं डिझेल स्वच्छ काचेच्या बरणीत ओत आणि थोडा वेळ ठेव. खाली पाणी साचलं तर दोष कळला. तळाशी चकचकीत कीस दिसला तर मात्र थांब, त्याबद्दल पुढे लिहितो. फिल्टर आणि पंपाच्या मधे पारदर्शक पाईपचा तुकडा लाव आणि गाडी रेस कर. बुडबुडे दिसले तर हवा येतेय. डिझेल ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर थेंब टाकत नाही, उलट हवा आत घेते, म्हणून खाली फडका कोरडा राहतो आणि पोरं फसतात. फिल्टरच्या ओ-रिंग आणि क्लिपा आधी बघ. नवा फिल्टर बसवल्यावर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून किंवा हातपंप असेल तर त्याने हवा काढ. पंपाला वंगण डिझेलचंच असतं. त्याला कोरडा फिरवू नको. रॉकेलची भेसळ पंपाला मारते ती याच कारणाने.

हे स्वच्छ निघालं तर स्कॅनर पुन्हा लाव, पण कोड वाचायला नको. मागितलेलं आणि मिळालेलं, ही दोन्ही प्रेशर शेजारी ठेवून गाडी चढावर ने. चालवायला दुसरा कुणी हवा, तू फक्त आकडे बघ. आयडलला साधारण २५० ते ३०० बार असतात, जोर लागला की हजाराच्या वर जातात. रात्रभर उभ्या गाडीत नुसती चावी ऑन केल्यावर आकडा शून्याजवळ हवा. तो शंभर दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय.

मग रिटर्नची चाचणी. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाईप सोडव, प्लॅस्टिकच्या क्लिपा सांभाळून, आणि प्रत्येकाला सारख्या मापाची बाटली जोड. मुख्य रिटर्नचं तोंड बुजायला विसरू नको. एक मिनिट आयडलला चालव. चारही बाटल्या थोड्याच आणि जवळपास सारख्या भरल्या तर इंजेक्टर बरे आहेत असं धर. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर प्रेशर खातोय. मेहनत जास्त नाही, खर्च जवळपास नाही, तरी ही चाचणी न करताच पंप मागवले जातात. याचा मला राग येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या मॅटॅडोर, ॲम्बेसेडरच्या काळात चालू इंजिनवर इंजेक्टरचा नट ढिला करून हवा काढायची पद्धत होती, आणि उस्तादांचे हात अजून तिकडे जातात. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनचा हाय प्रेशर पाईप कधीही ढिला करायचा नाही. हजार बारची धार दिसतही नाही आणि कातडीतून आत शिरते. टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखत नाही, पण आत डिझेल पसरतं आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. असं कुणाला झालं तर पट्टी बांधून बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. गळती शोधायला पुठ्ठा धर, हात नाही. गाडी बंद केल्यावरही स्कॅनरवर प्रेशर उतरलेलं बघ, मगच नटाला पाना लाव. पाईपची तोंडं टोपी घालून झाक. इंजेक्टरच्या आतली फट मायक्रॉनमध्ये असते, तिथे धुळीचा कण पुरतो.

एवढं झाल्यावरही प्रेशर कमीच असेल तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, रेलवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि शेवटी पंप. फिल्टरमध्ये धातूचा कीस निघाला असेल तर पंप झिजला हे खरं, पण मग एकटा पंप बदलून भागत नाही. तो कीस रेलमधून इंजेक्टरपर्यंत पोचलेला असतो. टाकी, पाईप, रेल धुवून इंजेक्टर तपासल्याशिवाय नवा पंप लावला तर तोही जाईल. असा खर्च मालकाला आधी पूर्ण सांग, त्याला नको असेल तर तो त्याचा निर्णय.

उस्तादांशी वाद घालू नको. त्यांना म्हण, आधी फिल्टर आणि बाटल्या बघू का? कुणीही नाही म्हणणार नाही. चारही बाटल्यांचं माप आणि घाटातले प्रेशरचे आकडे मला लिहून पाठव, आणि तोवर पंपाची ऑर्डर थांबव.

तुझा,
मामा