शपथ आणि शरीर

मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वराच्या देवालयास एकोजीराजे भोसले यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा शिलालेख आहे. तो इ. स. १६६९ चा आहे. १८९८ च्या प्लेगनंतर ह्या देवालयाभोवती जी वस्ती वाढली तिच्यात मराठी कुटुंबेही आहेत. त्यांपैकी आमच्या शेजारच्या एका घरात काही वर्षांपूर्वी जे घडले, त्यावरून मनात उद्भवलेला प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहे.

त्या घरचे यजमान वीस वर्षे मद्यपान करीत होते. एका सोमवारी पत्नीने त्यांच्याकडून बेलभंडारा उचलवून घेतला आणि त्यांनी त्याच रात्री मद्य सोडले. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. घरातील वडील माणसे म्हणाली, ही सारी सोंगे आहेत. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या व पत्नीची ओळख पटेना. पहाटे मुलाने रुग्णालयात नेले म्हणून जीव वाचला. पुढे ती माउली मला म्हणाली, “काका, ह्यांनी शपथ पाळली होती हो! मग ही शिक्षा कशाची?”

प्रश्न साधा नाही. शपथ मोडणाऱ्यास शासन व्हावे हे समजते. पाळणाऱ्यास का व्हावे?

वैद्यकशास्त्र म्हणते की ही शिक्षाच नव्हे. मद्य मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेस बळ देते. हे वर्षानुवर्षे चालले म्हणजे मेंदू तोल राखण्यासाठी उत्तेजक यंत्रणा वाढवीत जातो. म्हणूनच तेवढ्याच नशेसाठी अधिकाधिक प्यावे लागते. मद्य एकाएकी थांबले की वाढलेली उत्तेजना तेवढी मागे राहते आणि तिला आवरणारे काही उरत नाही. कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, नंतर भ्रम होतो आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून वैद्य शामक औषध देऊन ते क्रमाक्रमाने कमी करतात आणि ब-१ जीवनसत्त्व देतात. ज्याचे व्यसन जुने व भारी आहे, त्याने घरच्या घरी एकदम मद्य सोडणे धोक्याचे आहे, हे शपथ घेवविणाऱ्या आप्तांनी अवश्य ध्यानात घ्यावे. यकृत, जठर, मज्जातंतू यांची हानी सर्वांस ठाऊक असते. ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

येथे एक आक्षेप उत्पन्न होतो. सारा दोष जर शरीराचा, तर कर्माची जबाबदारी कोठे राहिली? अर्जुनाने तिसऱ्या अध्यायात हेच विचारले आहे : इच्छा नसताना, जणू कोणी बळजबरीने जुंपल्यासारखा, मनुष्य पाप का करतो? भगवंतांनी कामाचे नाव घेतले, आणि त्याचे ठाणे इंद्रिये, मन व बुद्धी ह्या तिन्ही ठिकाणी असल्याचे सांगितले. बुद्धीतच शत्रूचे ठाणे बसले असेल, तर शपथ घेणारा तरी कितपत स्वतंत्र? मला वाटते, जबाबदारी नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. पहिला पेला मनुष्य मोकळ्या हाताने उचलतो. विसाव्या वर्षी पेला नाकारण्याचे बळ क्षीण झालेले असते. पण “मला हे एकट्याने साधत नाही” असे दुसऱ्याजवळ बोलण्याचे बळ बहुधा शिल्लक असते. जाब विचारायचा तर तेथे विचारावा.

यजमान पाच महिने निर्व्यसनी राहिले. मग एका संध्याकाळी दुकानावरून जाताना नुसत्या वासाने पाय अडखळले. विषय सोडले तरी त्यांची गोडी मागे उरते, हे दुसऱ्या अध्यायात सांगितलेच आहे, आणि मेंदूचे अभ्यासकही आज जुन्या खुणांनी लालसा जागी होते असेच सांगतात. शपथ वस्तूला बांधते, गोडीला नाही. धर्मराजाइतका सत्यवचनी कोण? पण अनुद्यूताचे बोलावणे येताच तोही वाटेवरून परतलाच की! (सत्यनिष्ठा आणि व्यसनमुक्ती ह्या दोन निराळ्या शक्ती आहेत, असे मला तेव्हापासून वाटू लागले.)

अधिक वाईट पुढेच झाले. शपथ मोडल्याच्या लाजेने त्यांनी ती गोष्ट वैद्यांपासून आणि पत्नीपासून सहा आठवडे लपविली, आणि लपविण्यासाठी अधिक प्याले. बेलभंडारा घरात नसता तर कदाचित पहिल्याच दिवशी बोलले असते. शपथ एकदा मोडली की संपते. सहाव्या अध्यायात चंचल मनावर जो उपाय सांगितला आहे तो वैराग्यासह अभ्यासाचा. आणि अभ्यासात चुकलेला दिवसही जमेस धरावा लागतो. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणात काय, किंवा आमच्या बेंगळूरूच्या निम्हान्समध्ये काय, व्यसनी मनुष्य परत घसरला म्हणून त्याला दार बंद होत नाही.

पत्नीने पुन्हा बेल उचलवावा का, असे मला विचारले. मी नको म्हटले. गेल्या आषाढात यजमान आणखी एकदा घसरले. त्याच रात्री त्यांनी ते पत्नीस सांगितले, आणि सकाळी दोघे मिळून रुग्णालयात गेली.