पाहणारा निर्दोष असतो का?



शिवनेरीवर पाहुण्यांना आम्ही शिवाई देवीचे मंदिर, अंबरखाना, शिवजन्मस्थान दाखवतो आणि शेवटी कडेलोटाच्या कड्यावर नेतो. "गुन्हेगारांना इथून खाली लोटत," असे सांगताच सारे दरीत डोकावतात, फोटो काढतात. गडावरच कोळी चौथराही आहे. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या आणि मारल्या गेलेल्या महादेव कोळ्यांची ती आठवण. तिथे आम्ही किती वेळ थांबतो?

रोमचे कलोसियमही असेच पाहिले जाते. वाटाड्या सांगतो : इ. स. 80 मध्ये सम्राट तीतसने ते खुले केले, शंभर दिवस खेळ चालले. सुमारे 50 हजार माणसे बसत. पुढे सिनेटर, अगदी वर स्त्रिया व गुलाम. आकडे आपल्या लक्षात राहतात. रिंगणात मेलेल्या बहुतेकांची नावेही उरलेली नाहीत.

बाकांवरच्या लोकांनी तलवार उचलली नव्हती. मग ते निर्दोष का? संत ऑगस्टीन आपला मित्र आलिपियस याची हकिकत सांगतात. त्याला या खेळांचा तिटकारा होता. मित्रांनी रोममध्ये ओढून नेले, तेव्हा तो डोळे मिटून बसला. गर्दी ओरडली, डोळे उघडले, आणि रक्ताची चटक लागली. पुढे तोच इतरांना नेऊ लागला.

मग पाहणेच पाप आहे का? नाही. कालवारीवर थट्टा करणाऱ्यांनी क्रूस पाहिला, मरियामातेनेही पाहिला. त्यांच्यासाठी तो तमाशा होता; ती मरणाऱ्याच्या बाजूने उभी होती. पाप डोळ्यांत नसते, आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत यात असते.

आज रिंगण आपल्या खिशात आहे. पुणे-नाशिक महामार्गावर अपघात झाला की आधी मोबाईल निघतात. बिबट्याने कोणाचे लेकरू नेले की त्याची चित्रफीत मंचरपासून ओतूरपर्यंत फिरते. ती पुढे पाठवणारा म्हणतो, "मी काय केले?" आलिपियसच्या मित्रांनीही एवढेच केले होते : दुसऱ्याला पाहायला नेले.

जागेचा अर्थ बदलता येतो. जगात कुठे एखाद्याची फाशी रद्द झाली की कलोसियमवर सोनेरी प्रकाश टाकण्याची प्रथा 1999 च्या अखेरीस सुरू झाली. आपल्यालाही एवढे जमेल : कड्यावर क्षणभर गप्प उभे राहावे, चौथऱ्याशी थांबावे. आणि रस्त्यात कोणी पडलेले दिसले, तर मोबाईल खिशात ठेवून आधी त्याला हात द्यावा.