बेणे, बाजार आणि शेजारी

बटाट्याची काढणी चालली असता एका लहान शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मजपुढे एक प्रश्न ठेविला. त्याच्यापुढे तीन ढीग होते. थोरले बटाटे बाजारास, मध्यम घरी खाण्यास आणि बारके पुढील हंगामाच्या बेण्यास. शेजाऱ्याने त्यास हिणवून म्हटले होते, "अरे, तू आपल्या भुईस उष्टे वाढतोस!" तो शब्द त्याच्या मनास लागला होता. तो म्हणाला, "थोरले विकले नाहीत तर कर्जाचा हप्ता कोठून भरू? पोराबाळांच्या तोंडचा घास काढून जमिनीत पुरू काय? यात माझा दोष तो कोणता, तुम्हीच सांगा." प्रश्न एका माणसाचा दिसतो, परंतु तो पुष्कळांचा आहे. आजची गरज आणि उद्याचा हंगाम यांमध्ये माणसाने कोणाचे ऐकावे? ह्याचा विचार आपण शांतपणे करू.

प्रथम वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. वस्तुस्थिती न जाणता दिलेला उपदेश हा बहुधा अन्यायच असतो. ज्वारी किंवा बाजरी दाण्यापासून उगवते, परंतु बटाट्याची लागवड कंदापासून होते. ह्यास्तव आईच्या अंगी जो रोग असेल तो बहुतेक लेकरांत उतरतो. बटाट्याच्या झाडास विषाणूंचे रोग होतात. त्यांचा प्रसार बहुतांशी मावा नावाची बारीक कीड करिते. पाने वळतात, पिवळी पडतात, झाड खुरटते. आणि त्याच कंदांचे बेणे वर्षानुवर्षे लाविले म्हणजे पीक उतरत जाते. पूर्वी युरोपात लोक म्हणत की, जात म्हातारी झाली. जात म्हातारी होत नाही. ती आजारी असते, आणि तिचा आजार आपणच हाताने पुढे लावीत असतो.

आता त्या बारक्या ढिगाकडे पाहा. लहान कंद हा स्वतः वाईट नव्हे. निरोगी झाडाचा लहान कंद उत्तम बेणे होतो. परंतु रोगी झाडास मोठे कंद धरवत नाहीत, म्हणून त्याचे बहुतेक कंद बारक्या ढिगात येतात. शेतात रोगी झाडे थोडी असली तरी बेण्याच्या ढिगात त्यांचा वाटा मोठा होतो. एवंच, त्या भल्या माणसाने नकळत रोगाचीच निवड केली. त्याची चूक कृपणपणाची नव्हती. ढीग लागल्यानंतर निवड केली, ही होती. ढिगात पडलेला कंद आपल्या आईचे नाव सांगत नाही.

ह्यावर उपाय आहे, आणि त्यास धन फारसे लागत नाही; डोळे लागतात. पीक फुलावर येण्याच्या सुमारास, पाने हिरवी असतानाच, शेतात फिरून जी झाडे निरोगी व जोमदार दिसतात त्यांच्याजवळ काठी रोवावी. पुढे त्यांवर लक्ष ठेवावे, आणि जे झाड मागाहून आजारी पडेल त्याची काठी काढून घ्यावी. काढणीच्या वेळी ती झाडे आधी व निरनिराळी खणावी. ज्याचे कंद थोडे, वेडेवाकडे किंवा सडके निघतील ते सोडून द्यावे, आणि उरलेल्यांचे बेणे वेगळे ठेवावे. आफ्रिकेतील केनिया देशात लहान शेतकऱ्यांच्या गटांनी आपापल्या रानांत हा प्रयोग केला. त्याचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या रीतीने राखलेल्या बेण्यापेक्षा अशा बेण्याचे उत्पन्न सरासरीने शेकडा ३४ अधिक आले, आणि वरखर्च अगदी अल्प झाला. म्हणून त्या शेतकऱ्यास माझे उत्तर हे की, थोरले बटाटे विकण्यात दोष नाही. परंतु काठी न रोविता बेणे ठेवणे हे आता कळल्यावर दोषास्पद होईल. अज्ञानाने झालेली चूक आणि कळूनही केलेली हयगय ह्या दोन गोष्टी एका तागडीत घालू नयेत.

परंतु येथे दुसरी अडचण उभी राहते. एकाने काठ्या रोविल्या आणि शेजाऱ्याने रोविल्या नाहीत तर? मावा बांध ओळखत नाही. रोगी रानातून उडालेली कीड निरोगी रानावर बसते, आणि एकाचा आळस दुसऱ्याच्या श्रमांवर पाणी ओततो. माझे बेणे हे केवळ माझेच आहे, हे म्हणणे ह्यामुळे अर्धेच खरे आहे.

आपल्या देशात बटाट्याचे बेणे कसे सुधारले ह्याची हकीकतही हेच शिकविते. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास निघाली व १९५६ साली सिमल्यास गेली. सिमल्याजवळील कुफरी येथे बटाट्यास फूल व फळ चांगले येते, म्हणून तेथे दोन जातींचा संकर करिता येतो. फळातील प्रत्येक बीज निराळे झाड देते. अशी हजारो रोपे पारखून, बहुतेक टाकून, दहा-बारा वर्षांनी एखादी जात हाती लागते. १९६८ साली दिलेली 'कुफरी ज्योती' आपल्या पुणे जिल्ह्यातही परिचित झाली. तथापि जात कितीही चांगली असो, तिचे बेणे रोगी झाले म्हणजे पैदासकाराची सर्व वर्षे व्यर्थ जातात.

पूर्वी निरोगी बेणे थंड डोंगरांतूनच येई, कारण तेथे मावा कमी. पुढे १९५९ च्या सुमारास डॉ. पुष्करनाथ यांनी उत्तरेकडील मैदानांतही ते करण्याची रीत घालून दिली. ऑक्टोबरात लावावे, रोगी झाडे उपटून टाकावी, आणि १०० पानांवर २० मावे दिसण्यापूर्वी, जानेवारीच्या आरंभापर्यंत, झाडाचा हिरवा पाला कापून टाकावा. नंतर साल घट्ट होईपर्यंत कंद जमिनीत राहू द्यावे. वाचकहो, ह्या कापण्याचा अर्थ ध्यानात घ्या. पाला हिरवा आहे, कंद अजून वाढू शकले असते, आणि प्रत्येक दिवसाबरोबर वजनही वाढले असते. तरी बेणे करणारा आपल्या हाताने ती वाढ थांबवितो. थोडे कमी घेतो, जेणेकरून दूरच्या कोणा अनोळखी शेतकऱ्याच्या रानात रोग जाऊ नये. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा लावणारा मनुष्य मंचरच्या बाजारात पंजाबचे बेणे घेतो, तेव्हा तो त्या न पाहिलेल्या माणसाच्या सचोटीवर आपले वर्ष टाकीत असतो. ह्यास्तव खाण्याचा बटाटा बेण्याच्या गोणीत भरून विकणारा व्यापारी केवळ मालात लबाडी करीत नाही. तो दुसऱ्याचा एक हंगाम चोरितो.

रताळ्याची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. त्याची लागवड वेलाच्या तुकड्यांनी होते. आफ्रिकेतील मोझांबिक व युगांडा या देशांत पांढरे रताळे खाण्याचा परिपाठ होता. त्यात 'अ' जीवनसत्त्व नसल्यासारखेच, आणि त्याच्या अभावी लेकरांची दृष्टी जाते. तेथील शास्त्रज्ञांनी नारिंगी गराची रताळी सुधारली. मोझांबिकमध्ये २०११ साली दुष्काळ सोसणाऱ्या १५ जाती देण्यात आल्या. ह्या कार्याबद्दल मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा व जॅन लो यांस २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हॉवर्थ बूइस हे त्यांचे सहमानकरी होते. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने 'भू सोना' ही नारिंगी गराची जात काढिली आहे.

परंतु कोरड्या महिन्यांत वेल वाळून जातात. ज्याच्याकडे ओलीची जागा आहे त्याचे वेल जगतात. ज्याच्याकडे नाही तो पाऊस पडल्यावर शेजाऱ्याच्या दारी जातो. तेथे वेल बहुधा फुकटच देतात, आणि ही रीत सुंदर आहे. मात्र वेलाबरोबर रोगही जातो. एक विषाणू मावा आणितो, दुसरा पांढरी माशी आणिते, आणि दोन्ही एकत्र झाले म्हणजे पीक बुडते. म्हणजे औदार्याने दिलेले दानही अपाय करू शकते! यावरून दान बंद करावे असे नव्हे. देण्यापूर्वी वेल पारखावा, एवढेच. काही ठिकाणी निरोगी रताळी कोरड्या वाळूत साठवून, पावसाच्या कित्येक आठवडे आधी लावून व पाणी घालून नवे वेल करितात. अशाने ज्याच्याकडे ओलीची जागा नाही त्यासही स्वतःचे बेणे राखता येते, आणि मागणारा देणारा होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आजचा घास की उद्याचे बेणे? गरिबास ह्या दोहोंत निवड करावयास लावणे हाच मुळी अन्याय आहे. त्याचा भार एकट्या गरिबावर टाकून मोकळे होणे हे त्यास उपदेश करणाऱ्यांचे पाप होय. सरकारने, शास्त्रज्ञांनी व व्यापाऱ्यांनी निरोगी बेणे गावापर्यंत पोहोचविणे हे त्यांचे कर्तव्य. परंतु त्यांची वाट पाहत बसणे हे आपले कर्तव्य नव्हे. काठी रोवणे आपल्या हाती आहे. रोगी झाड उपटणे आपल्या हाती आहे. शेजाऱ्यास हिणविण्याऐवजी त्याच्या रानात जाऊन निरोगी झाड कोणते हे त्यास दाखविणे, हेही आपल्याच हाती आहे.

ज्याने माझ्या मित्रास "भुईस उष्टे वाढतोस" असे म्हटले, त्याचे म्हणणे खरे होते, परंतु त्याने अर्धेच कार्य केले. पुढील हंगामी पीक फुलावर येईल तेव्हा त्या दोघांनी मिळून एकाच्या व मग दुसऱ्याच्या रानात काठ्या घेऊन फिरावे, असे मी त्यांस सुचविले आहे. वाचकहो, आपापल्या गावी आपणही तसेच करा.